आर्टिस्ट : दादा कोंडके

माझ्या पहिल्या मोबाइलमध्ये दोन जीबीचं मेमरी कार्ड होतं. मानवतच्या बाजारात एका दुकानात वीस रुपये दिले की तिथला पोरगा कॉम्प्युटरवरून त्यात गाणी भरून द्यायचा. आपण फक्त प्रकार सांगायचा : नवी हिंदी, भीमगीतं, भक्तिगीतं, लग्नाची, दादा कोंडके. हो, दादा कोंडके हा गाण्यांचा एक स्वतंत्र प्रकार होता. त्या फोल्डरमधलं कुठलंही गाणं लावलं की स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत यायचं, 'आर्टिस्ट : दादा कोंडके'.

इंजिनिअरिंगला जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती की ती गाणी दादांनीच म्हटलीत. माझीच नाही, आमच्या बाबांचीही. मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की एखाद्या ट्रॅक्टरवर हमखास 'ढगाला लागली कळ' चालू असायचं. हनुमान जयंतीला पहाटे भोंग्यावर 'अंजनीच्या सुता' लागायचं. ते दादांच्या पिक्चरमधलं आहे हे बाबांना माहीत होतं. मग म्हटलेलंही दादांनीच असणार, त्यात शंका कसली?

मानवत म्हटलं की लोक हल्ली २०२४च्या वेब सीरिजबद्दल विचारतात, म्हणजे १९७२ ते ७४च्या हत्याकांडाबद्दल. त्यावर मला काही बोलायचं नाही. त्याच वर्षांमधली दुसरी एक गोष्ट माझ्या डोक्यात दोन-तीन वर्षं घोळते आहे. तिचं एक टोक अमेरिकेत डेट्रॉइटला आहे आणि दुसरं आमच्या त्या मेमरी कार्डात.

पुण्यात माझं काम डेटा साफ करण्याचं. चुकीच्या रकान्यात बसलेली नावं शोधायची आणि बरोबर रकान्यात हलवायची. एका रात्री असं काम करताना हेडफोनवर अमेरिकन सोल म्युझिकची प्लेलिस्ट लावली होती. चर्चमधल्या गॉस्पेल गायकीतून निघालेलं, कृष्णवर्णीयांचं हे संगीत. एक गाणं सुरू झालं. बास गिटारचे मोजके सूर, हाय-हॅटची टिकटिक, मधूनच ट्रम्पेट. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. गाणारा येईचना. मला वाटलं चुकून इन्स्ट्रुमेंटल लागलंय. जवळजवळ चार मिनिटांनी माणसाचा आवाज आला.

गाण्याचं नाव 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन', साल १९७२, गायक 'द टेम्प्टेशन्स'. पाच जणांचा गट, अख्ख्या अमेरिकेत गाजलेला, आणि स्वतःच्याच गाण्यात त्यांना चार मिनिटं बाहेर उभं केलेलं. कोणी केलं? नॉर्मन व्हिटफील्ड नावाच्या त्यांच्या प्रोड्यूसरनं.

आपल्याकडे चित्रपटाला पैसा लावणारा तो प्रोड्यूसर. रेकॉर्डच्या धंद्यात प्रोड्यूसर म्हणजे गाणं घडवणारा माणूस : वाद्यं कुठली, चाल किती वेगाची, कोणी कुठली ओळ म्हणायची, शेवटी कुठला आवाज वर ठेवायचा आणि कुठला खाली, हे ठरवणारा. आपल्या संगीतकारात आणि चित्रपटाच्या दिग्दर्शकात मिळून जे बसतं, ते त्याच्या एकट्याच्या हातात.

व्हिटफील्ड मोटाउन कंपनीत आला तेव्हा तरुण पोरगा होता. बेरी गॉर्डीनं १९५९ साली डेट्रॉइटमध्ये काढलेली ही कंपनी. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, आणि गॉर्डीनं गाण्यांचाही कारखानाच उभा केला होता. तिथे क्वालिटी कंट्रोलचा विभाग होता, कुठली रेकॉर्ड बाजारात जाणार हे तिथे ठरायचं, आणि व्हिटफील्डनं सुरुवातीला तिथेच काम केलं. टेम्प्टेशन्सची गाणी तेव्हा स्मोकी रॉबिन्सन करायचा. 'माय गर्ल' त्याचंच. १९६६मध्ये रॉबिन्सनचं एक गाणं बेताचं चाललं, त्यामागून आलेलं व्हिटफील्डचं जोरात चाललं, आणि गट व्हिटफील्डच्या ताब्यात आला. कंपनीचा हिशेब सरळ होता : ज्याचं गाणं चालेल त्याचे गायक.

आधी त्यानं त्यांचं भलंच केलं. १९६८मध्ये डेव्हिड रफिन गटाबाहेर गेला, डेनिस एडवर्ड्स आला, आणि व्हिटफील्डनं एका मुख्य गायकाऐवजी पाचही जणांत ओळी वाटून दिल्या. कोणी खर्जात, कोणी पातळ टिपेच्या आवाजात, एकाचं वाक्य दुसऱ्यानं उचलायचं. 'क्लाउड नाइन' तसं झालं आणि मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळालं. सूट घालून प्रेमाची गाणी म्हणणारे हे लोक आता गरिबीवर, नशेवर, युद्धावर गाऊ लागले. शब्द बॅरेट स्ट्राँग आणि व्हिटफील्डचे, विषय त्यांचे, आवाज टेम्प्टेशन्सचे.

पण व्हिटफील्डला गाणं महत्त्वाचं होतं, गाणारा नाही. एकच गाणं तो अनेकांकडून गाऊन घ्यायचा, एकच कोड वेगवेगळ्या सर्व्हरवर टाकून बघावा तसं. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' ग्लॅडिस नाइटनं गायलं, ते गाजलं. मग मार्व्हिन गेनं गायलेलं बाहेर आलं, ते त्याहून गाजलं. 'पापा...' सुद्धा आधी दुसऱ्याच गटाला दिलेलं होतं. टेम्प्टेशन्सकडे ते उष्टं आलं. त्यांना ते नको होतं. बेजबाबदार, मेलेल्या बापाबद्दल पोरं आईला विचारतात, असं ते गाणं आहे, आणि डेनिस एडवर्ड्सचा बाप धर्मोपदेशक होता. त्याला ते शब्द म्हणणं जड जात होतं. व्हिटफील्डनं त्याच्याकडून ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, तो चिडेपर्यंत. आणि मग तो चिडलेला, दाबलेला आवाज रेकॉर्डवर ठेवला.

गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तीन ग्रॅमी मिळाली. त्यांपैकी एक गटाच्या गायनाला, एक गाणं लिहिणाऱ्या व्हिटफील्ड-स्ट्राँगना, आणि तिसरं, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या वाद्यसंगीताला. म्हणजे ज्यात टेम्प्टेशन्स अजिबात नाहीत त्या भागाला.

पुढच्या वर्षी 'मास्टरपीस' आलं. शीर्षकगीत चौदा मिनिटांच्या आसपास, त्यात गाणं जेमतेम तीन मिनिटं. समीक्षक त्यांना 'नॉर्मन व्हिटफील्डचे कोरस गायक' म्हणू लागले. शेवटी गटानं गॉर्डीकडे तक्रार केली आणि प्रोड्यूसर बदलून घेतला. व्हिटफील्ड १९७५मध्ये मोटाउन सोडून गेला. त्यानंतर टेम्प्टेशन्सना तेवढं मोठं यश पुन्हा मिळालं नाही. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण ते व्हिटफील्डच्या बाजूनं जातं. पण झालं तसं.

त्या रात्री हे सगळं वाचत बसलो आणि मला आमचं मेमरी कार्ड आठवलं. तिकडे गायकांचं नाव रेकॉर्डवर शाबूत होतं, आवाज मात्र कमी कमी होत गेला. आपल्याकडे उलटं झालं होतं का? आवाज गाणंभर, आणि नाव?

दादांची सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत असते. कृष्णा कोंडके, जन्म १९३२, मुंबईतल्या नायगावच्या गिरणी वस्तीतले. अपना बाजारमध्ये नोकरी, सेवा दलाची कलापथकं, आणि मग वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. ह्या लोकनाट्याचे दीड हजारावर प्रयोग झाले. भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती'त काम दिलं. १९७१ साली त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला.

इथे जरा थांबायला हवं. 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर थिएटरला लागायचा होता. थिएटरच्या मालकानं ऐनवेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जागा दिली. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. हा किस्सा शिवसेनेच्या इतिहासात सांगतात, मराठी अस्मितेच्या गप्पांमध्ये सांगतात. मी तो वेगळ्या कारणासाठी सांगतोय. पिक्चर आपला, पैसा आपला, लोक आपले, तरी शेवटची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते, हे त्या माणसानं पहिल्याच घासाला पाहिलं. पुढे त्यांनी जमेल तेवढ्या किल्ल्या आपल्याच कमरेला लावल्या. 'सोंगाड्या'चं लेखन सबनीसांचं होतं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. 'पांडू हवालदार'पर्यंत (१९७५) निर्माता दादा, दिग्दर्शक दादा, नायक दादा. अनेक गाण्यांचे शब्दही दादांचेच. नायिका बहुतेक वेळा उषा चव्हाण, आये रत्नमाला. नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि नाव गिनीज बुकात गेलं.

आवाजही ठरलेले. बाईचा आवाज उषा मंगेशकरांचा. पुरुषाचा सुरुवातीला जयवंत कुलकर्णींचा. 'सोंगाड्या' आणि 'एकटा जीव सदाशिव'मधली गाणी, रामभाऊ कदमांच्या चाली, जयवंतरावांचा तो मोकळा, चावडीवर बसल्यासारखा आवाज. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून महेंद्र कपूर.

महेंद्र कपूर! अमृतसरचा जन्म. 'मेट्रो-मर्फी' स्पर्धा जिंकून आलेला गायक. 'गुमराह'साठी फिल्मफेअर, 'उपकार'मधल्या देशाच्या मातीच्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. आवाज असा की मोकळ्या रानात बिनमाइकचा ऐकू जावा. त्या माणसानं दादांसाठी काय केलं ते आज हेडफोन लावून ऐका. तो सगळा भारदस्तपणा त्यानं खुंटीला टांगून ठेवला. शब्द किंचित ओढलेले, बावळटपणाचं सोंग, एखादी ओळ गाण्यापेक्षा बोलल्यासारखी. ही दादांची बोलण्याची ढब आहे. तमाशातला सोंगाड्या गातो तेव्हा सुराकडे त्याचं अर्धंच लक्ष असतं, उरलेलं समोरच्या बाईकडे आणि प्रेक्षकांकडे असतं. कपूरांनी ते उचललं, आणि तेही स्वतःची नसलेल्या भाषेत. पडद्यावर दादा ओठ हलवायचे आणि जोड कुठे आहे ते कळायचं नाही. एवढं बेमालूम काम झालं की काम करणाराच दिसेनासा झाला.

आणि तेच कपूर 'अंजनीच्या सुता'त पूर्ण गळ्यानं गातात. १९७६चा 'तुमचं आमचं जमलं', शब्द दादांचे. दुहेरी अर्थाच्या संवादांसाठी ज्यांना लोकांनी नावं ठेवली त्या माणसानं लिहिलेलं आणि पंजाबी गायकानं गायलेलं गाणं आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात मारुतीच्या पारावर वाजतं. आमच्याकडे तर त्याशिवाय हनुमान जयंती उजाडत नाही.

ह्या गाण्याचा संगीतकार कोण? राम लक्ष्मण. आणि इथून गोष्ट मला जास्त लागते.

नागपूरचे विजय पाटील. वडील आणि काका यांच्याकडे गाणं शिकलेले, पियानो आणि अकॉर्डियन वाजवणारे, नशीब काढायला मुंबईत आलेले. त्यांचे जोडीदार सुरेंद्र. दादांनी ह्या दोघांना 'पांडू हवालदार'चं संगीत दिलं आणि सोबत नावही दिलं. सुरेंद्र म्हणजे राम, विजय म्हणजे लक्ष्मण. जोडीचं नाव राम लक्ष्मण. लक्षात राहणारं, पोस्टरवर शोभणारं, खेड्यातल्या माणसाला एकदा ऐकून पाठ होणारं नाव. नाव ठेवण्यात दादांचा हात कोणी धरला नसता. त्यांच्या चित्रपटांची नावं आठवा.

मग राजश्रीचा 'एजंट विनोद' (१९७७) हा हिंदी चित्रपट मिळाला, आणि त्याच सुमारास, १९७६मध्ये, सुरेंद्र वारले. राम गेला. उरलेल्या विजय पाटलांनी नाव बदललं नाही. पुढची चाळीसहून जास्त वर्षं ते एकटे 'राम लक्ष्मण' राहिले. 'मैंने प्यार किया' त्यांचं, फिल्मफेअर त्याला मिळालं. 'हम आपके हैं कौन' त्यांचं. घरोघरी लग्नात वाजणाऱ्या त्या कॅसेटवर दोन माणसांचं नाव होतं आणि चाली लावणारा माणूस एक होता. २०१८मध्ये राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार जाहीर झाला तेव्हा बातमीत खुलासा करावा लागला की हे एकटेच आहेत. २२ मे २०२१ला नागपुरात ते गेले, तेव्हाही तोच खुलासा.

त्यांनी मित्रासाठी नाव ठेवलं की धंद्यासाठी, ह्यावर मी पुष्कळ विचार केला. दोन्ही असेल. चालू झालेलं नाव कोण बदलेल? पण मला सुचत राहतं ते असं की विजय काशिनाथ पाटील हे नाव कुठल्याच रकान्यात बसलं नाही. ज्याच्या हातात सगळं होतं त्यानं एका दुपारी दोन पोरांचं बारसं केलं, आणि त्यांपैकी एक पोरगा ते बारसं जन्मभर निभावत राहिला.

दुपार मी माझ्या मनानं घातली. सकाळही असेल.

आता कायद्याचं थोडं, कारण ही नुसती हळहळ नाही, पैशाचीही गोष्ट आहे. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी चाल आणि शब्द करून घेतले की, वेगळा करार नसेल तर, हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या निकालाला आपलं एक टिपण जोडलं. गाण्यात ज्याचा प्राण असतो त्या गाणाऱ्यालाच आपल्या कायद्यात कॉपीराइट नाही, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधलं. १९७७, म्हणजे 'राम राम गंगाराम'चं वर्ष. सादर करणाऱ्या कलाकारांचे हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडलं, आणि गीतकार, संगीतकार, गायकांना रॉयल्टीत नीट वाटा २०१२च्या दुरुस्तीनं मिळाला. तोवर दादा जाऊन चौदा वर्षं झाली होती आणि महेंद्र कपूर जाऊन चार. कपूर २७ सप्टेंबर २००८ला गेले. व्हिटफील्ड त्याआधी अकरा दिवस, १६ सप्टेंबरला. जगातल्या कुठल्याच वर्तमानपत्रानं ह्या दोघांची नावं एका बातमीत घेतली नसतील.

मग दादांनी अन्याय केला का? मला तसं म्हणवत नाही. कपूर हतबल नव्हते, हिंदीत त्यांचं मोठं नाव होतं, बी. आर. चोप्रा आणि मनोज कुमार त्यांना बोलावत होते. राम लक्ष्मण जोडीला पहिलं दार दादांनीच उघडलं. श्रेयनामावलीत, रेकॉर्डच्या कव्हरवर नावं छापलेली होती, दादांनी ती लपवली नव्हती. आणि खरं सांगायचं तर दादांच्या हातात सगळं नसतं तर ती गाणी तशी झालीच नसती. चार शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं असतं तर कपूरांना कोणी म्हटलं असतं का, की जरा गावंढळ गा?

पण जयवंत कुलकर्णींचं काय, हा प्रश्न मला सुटत नाही. दादांचा पहिला आवाज त्यांचा. 'सोंगाड्या'नं लोकांना जे वेड लावलं त्यात तो आवाज होता. पुढे दादांचा गायक म्हणून जे थोडेफार लोक नाव सांगू शकतात ते कपूरांचं सांगतात. आणि आमच्या मेमरी कार्डात तर दोघांचंही नव्हतं. व्हिटफील्डचा गट निदान कंपनीकडे जाऊन भांडू शकला, कारण रेकॉर्डवर नाव त्यांचं होतं, लोक त्यांना ओळखत होते. ज्याचा आवाज दुसऱ्याच्या तोंडातून येतो त्यानं कोणाकडे जायचं?

२०१९मध्ये 'ड्रीम गर्ल' ह्या हिंदी चित्रपटाच्या निमित्तानं 'ढगाला लागली' पुन्हा वाजायला लागलं. ऑफिसमधल्या एका मुलानं ते लावलं आणि म्हणाला, "हे मूळ दादा कोंडकेंचं ना?" मी म्हटलं, शब्द त्यांचे. तो म्हणाला, "म्हणजे त्यांचंच." मी नाद सोडला.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या नव्या फोनमध्ये जुनंच फोल्डर होतं. कार्डावरून कार्डावर उतरत आलेलं, फायलींची नावं अर्धवट कापलेली. टॅग बदलायचं एक साधं ॲप आहे, ते टाकलं आणि ओट्यावर बसून एकेक गाणं दुरुस्त करत गेलो. गायक : महेंद्र कपूर, उषा मंगेशकर. गायक : जयवंत कुलकर्णी. गीत : दादा कोंडके. संगीतकाराच्या रकान्यात 'सुरेंद्र, विजय पाटील' लिहिलं, मग खोडून 'राम लक्ष्मण' लिहिलं, मग बराच वेळ तसाच बसून राहिलो आणि शेवटी दोन्ही लिहिलं. रकाना लहान होता. स्क्रीनवर 'राम लक्ष्मण (सुरेंद्र, वि' एवढंच दिसत होतं.

बाबा चहा घेऊन आले. "तू काय करायलास रे माझ्या फोनमधी?"

मी 'अंजनीच्या सुता' लावून फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, गाणं थोडं ऐकलं, पुन्हा नाव वाचलं.

"असंल," ते म्हणाले. "पण आवाज दादाचाच हाय."